२३ मुली, ९ फोन: इंग्रजी बोलायला शिकवताना तुम्ही कोणती डिजिटल साधनं वापरता?

रामबाग_शिकवणी (इंदूर)

नमस्कार मंडळी. प्रश्न थोडा लांबलाय, पण पूर्ण सांगितल्याशिवाय कुणी नीट उत्तर देऊ शकणार नाही, म्हणून सविस्तर लिहिते.

मी इंदूरला रामबागेत राहते. सकाळी ८ ते सव्वानऊ आमच्या जुन्या घराच्या माडीवर मुलींना इंग्रजी शिकवते. फी घेत नाही. २३ जणी येतात, वय १६ ते २६. निम्म्याहून जास्त जणी राजवाड्याच्या आसपास आणि शीतलामाता बाजारात साड्या-कापडाच्या दुकानांत काम करतात. दुकानं उघडायच्या आत शिकवणी संपावी म्हणून ही वेळ. बाकीच्या बारावीतल्या किंवा कॉलेजातल्या. पाच जणी मराठी घरातल्या आहेत, इतरांच्या घरी मालवी नाहीतर हिंदी. शाळा सगळ्यांची हिंदी माध्यमाची. स्वतःचा म्हणावा असा फोन ९ जणींकडे. इतरांच्या घरी एकच फोन, तोही भावाच्या नाहीतर वडिलांच्या खिशात.

दीड वर्षापूर्वी मी ठरवलं की फळ्यावरचं व्याकरण पुरे झालं, फोनचा उपयोग करू. ज्यांच्याकडे फोन होते त्यांना शब्द शिकवणारं एक फुकटचं अॅप घालून दिलं. मुली खूश. रोज गुण मिळतात, सलग दिवस मोजले जातात, कोण पुढे कोण मागे याची चढाओढ लागते. एका मुलीचे तर सलग १४० दिवस झाले. एके दिवशी ती वर्गात आली ती चेहरा उतरवूनच. दुकानात बाहेरगावची एक बाई आली होती आणि तिनं इंग्रजीत विचारलं होतं, "डू यू हॅव धिस इन अ लार्जर साइझ?" या मुलीला त्यातला एक न एक शब्द येतो. मी तिथल्या तिथे विचारला, तिनं लिहूनही दाखवला. पण दुकानात तिच्या तोंडून एक अक्षर निघालं नाही. मालकानं तिला बाजूला केलं आणि स्वतः मोडक्यातोडक्या इंग्रजीत साडेतीन हजारांचा कुर्ता विकला.

त्या दिवशी मी ते अॅप घेऊन बसले आणि एक एक धडा तपासला. शब्द ओढून जागेवर ठेवा, चारांतून एक निवडा, जोड्या लावा. सगळं काम बोटाचं. १४० दिवसांत त्या मुलीनं इंग्रजी किती वेळा मोठ्यानं उच्चारलं असेल? बोलायचे धडे होते, पण घरात भाऊ झोपलेला, आजी जपाला बसलेली, म्हणून "आत्ता बोलता येत नाही" हे बटण दाबून ती पुढे जायची. अॅपही तिला जाऊ द्यायचं. आमच्याकडे ज्याला झिझक म्हणतात (भीड म्हणा, पण पुरतं तेच नाही), ती तशीच राहिली.

मग मी फोनमधलं बोलून टाइप करायचं साधन वापरून पाहिलं. मुलगी बोलेल, फोन लिहील, बरोबर लिहिलं तर उच्चार बरोबर. पण त्याचं गणित मला कळेना. 'इस्कूल' म्हणणाऱ्या मुलीलाही फोन बरोबर 'स्कूल' लिहून देतो आणि चांगलं बोलणारीचं वाक्य भलतंच लिहितो. पंखा चालू असला की आणखी गोंधळ.

एक गोष्ट मात्र साधली. ती माझी मीच शोधली म्हणून तिच्यावर तुमचं मत हवंय. बीबीसीचे सहा मिनिटांचे इंग्रजीचे कार्यक्रम असतात, खाली संवाद छापून येतो. त्यातले दहा सेकंद मी वाजवते आणि मुलींना म्हणते, इंग्रजी स्पेलिंग विसरा, कानाला जे ऐकू आलं ते देवनागरीत लिहा. मग छापील संवाद दाखवते. पहिल्या दिवशी 'व्हॉट आर यू डूइंग' या साध्या वाक्याचं वहीत काय काय निघालं: 'वॉटय डुइंग', 'वाचू डूइंग', 'वॉरा यू डुइन'. आणि गंमत नव्हे, हे सगळं बरोबर होतं. बोलणारा तसंच बोलला होता. 'आर' कुठे गेला म्हणून मुली हैराण. तेव्हा पहिल्यांदा त्यांना पटलं की आपला कान खराब नाही. इंग्रजीत छोटे शब्द बोलताना दबतातच. 'अँड'चा नुसता 'न' उरतो, 'कॅन'चा 'कन' होतो, आणि जोर पडतो तो मोठ्या शब्दावर. आपल्या भाषांत प्रत्येक अक्षराला जवळजवळ सारखा मान. म्हणून आपण 'आय कॅन गो' मधला 'कॅन'ही ठासून म्हणतो आणि समोरच्याचा दबलेला 'कन' आपल्याला ऐकूच येत नाही.

हे ऐकायचं झालं. बोलण्याचं काय? माझ्याकडे माझा एक फोन, १५ इंची जुना लॅपटॉप आणि एक छोटा स्पीकर आहे. अशा वर्गात प्रत्येक मुलीला रोज निदान दोन मिनिटं तोंड उघडायला लावील असं कुणी काही केलं आहे का? विकत घ्यायचं साधन सुचवू नका. एका मोठ्या जाहिरातवाल्या कोर्सला मी वर्षाचे पैसे भरून बसले होते. त्यात आठवड्यातून एकदा चाळीस जणांच्या ऑनलाइन वर्गात माइक बंद ठेवून ऐकायचं होतं.


हेडफोनवाला (इंदूर, विजयनगर)

ताई, नमस्कार. मी फोनवर परदेशी ग्राहकांशी बोलणाऱ्या नव्या मुलांना तयार करायचं काम करतो, नऊ वर्षं झाली. बोलून टाइप करण्याबद्दल आधी सांगतो, कारण आमच्याकडेही सगळ्यांचा तोच गैरसमज असतो.

ते साधन उच्चार तपासायला बनलेलंच नाही. तुमच्या बोलण्यातून बहुधा कोणतं वाक्य असेल याचा अंदाज बांधून ते लिहितं. 'आय गो टू' नंतर 'इस्कूल' ऐकलं तर तिथे 'स्कूल'च असणार हे त्याला आजूबाजूच्या शब्दांवरून कळतं. वाक्य जितकं रुळलेलं, तितक्या चुका ते पोटात घालतं. उलट चांगलं बोलणारीनं एखादं अनवट नाव घेतलं, समजा महेश्वर, तर ते गडबडतं. म्हणून त्यानं बरोबर लिहिलं तर एवढंच समजा की ओळखीचं वाक्य ओळखू आलं.

पण एका ठिकाणी त्याची परीक्षा बरीचशी खरी असते. सुटे आकडे. नुसतं 'थर्टीन' म्हणायचं, नुसतं 'थर्टी' म्हणायचं. मागेपुढे वाक्य नाही, त्यामुळे अंदाज बांधायला जागा कमी. फिफ्टीन-फिफ्टी, फोर्टीन-फोर्टी. आपल्याकडची मुलं दोन्हींत जोर सुरुवातीलाच देतात आणि 'टीन'मधला न खाऊन टाकतात. 'फिफ्टी'त जोर आधी आणि शेवट तोकडा. 'फिफ्टीन' सुटा म्हणताना जोर शेवटावर, लांब ई आणि न स्पष्ट. तुमच्या मुली दुकानात भाव सांगतात ना? मग याहून कामाचा धडा नाही. पंखा दोन मिनिटं बंद करा, फोन तोंडापासून वीतभर लांब धरा, आणि भाषेच्या सेटिंगमध्ये भारतातलं इंग्रजी निवडा.

'व्हेस्ट' आणि 'वेस्ट' यांना फोन नको, आरसा लागतो. एकात वरचे दात खालच्या ओठाला टेकतात, दुसऱ्यात ओठांचा चंबू होतो आणि दात कुठेच लागत नाहीत. आपण दोन्हींच्या मधलं काहीतरी म्हणतो. तुमच्या देवनागरी प्रयोगात इथे अडचण येईल, कारण मुली दोन्ही शब्द 'वेस्ट'च लिहिणार.

आता दोन मिनिटं बोलण्याचं. आम्ही रोज करतो ते सांगतो, यात इंटरनेट लागत नाही. फोनमध्ये आवाज रेकॉर्ड करायचं जे साधं अॅप आलेलं असतं तेच घ्या. मुलगी दोन-तीन वाक्यं बोलते आणि लगेच स्वतः ऐकते. कुणी काही सांगायचं नाही. मग पुन्हा बोलते. तिसऱ्यांदा बोलते. पहिले दोन पुसून टाकायचे. स्वतःचा आवाज पहिल्यांदा ऐकला की सगळे कान झाकून घेतात, आमची पोरंसुद्धा. आपल्याला स्वतःचा आवाज एरवी हाडांमधूनही ऐकू येतो, रेकॉर्डिंगमध्ये फक्त हवेतून, म्हणून तो पातळ आणि परका वाटतो. हे आधी सांगून ठेवा, नाहीतर मुली समजतील की आपला आवाजच वाईट आहे. चार-पाच दिवसांत ते जातं आणि मग त्या चुका स्वतःच पकडायला लागतात. मी सांगितलेली चूक आणि तिनं स्वतः पकडलेली चूक यात फार फरक पडतो.


सुरसागरकाठी (वडोदरा)

ताई, तुमची पोस्ट वाचून मला माझा वर्ग आठवला. मी ३१ वर्षं गुजराती माध्यमाच्या शाळेत इंग्रजी शिकवलं, आता निवृत्त आहे आणि दांडिया बाजारजवळ शेजारच्या मुलांना घेऊन बसते.

आधी माझी तक्रार. देवनागरीत इंग्रजी लिहायला लावू नका. ऐकण्यापुरतं म्हणता, पण वहीत एकदा देवनागरी आली की मूल तेच वाचतं, वरचं इंग्रजी डोळ्यांना दिसतच नाही. 'वॉक' लिहिलं की त्यातला मूक एल संपला. आमच्या मुलांचं तर आणखी अवघड. गुजरातीत 'हॉल' आणि 'होल' बहुतेक जण लिहितात एकसारखेच, त्यामुळे वाचतातही एकसारखे. तुमची मराठी देवनागरी त्या बाबतीत सुदैवी, आपल्याकडे ॲ आणि ऑ आहेत. पण तुमच्या मुली हिंदी माध्यमाच्या, त्या 'बैंक' लिहिणार. मी हे अनुभवावरून लिहिते आहे, पोथीतलं नाही.

आता उपयोगाचं. मुलांकडे फोन नसतील तर प्लिकर्स नावाचं एक साधन पाहा. प्रत्येकाला एक छापील कागदी कार्ड द्यायचं, त्यावर काळी चौकोनी नक्षी असते. कार्डाच्या चार बाजू म्हणजे अ, ब, क, ड ही चार उत्तरं. तुम्ही प्रश्न विचारता, मुलं हवं ते उत्तर वर येईल असं कार्ड फिरवून धरतात, आणि तुम्ही तुमच्या एकाच फोनचा कॅमेरा वर्गावरून फिरवला की कुणाचं काय उत्तर ते सगळं फोनमध्ये येतं. कार्डं साध्या कागदावर छापता येतात. मी त्याचा उपयोग ऐकण्यासाठी करते: मी 'शिप' म्हटलं की 'शीप'? नक्षी प्रत्येकाची वेगळी, त्यामुळे शेजाऱ्याचं पाहून उत्तर देता येत नाही. मागच्या बाकावर गप्प बसणारी मुलगी काय ऐकते ते मला तिथे पहिल्यांदा दिसलं.

बोलण्यासाठी लहान मुलांना मी गुगलचं रीड अलाँग हे वाचनाचं अॅप दिलं होतं, २०१९ साली ते 'बोलो' या नावानं आलं तेव्हापासून. मूल गोष्ट मोठ्यानं वाचतं, अडलं की पडद्यावरची दिया नावाची चित्रातली मुलगी तो शब्द म्हणून दाखवते. गोष्टी उतरवून ठेवल्या की नेट लागत नाही. माझा नातू त्यावरच वाचायला शिकला. पण तुमच्या मुली मोठ्या आहेत, त्यांना त्या गोष्टी बाळबोध वाटतील. त्यांच्यासाठी प्रथम बुक्सची स्टोरीवीव्हर ही गोष्टींची साइट बघा. एकच गोष्ट हिंदीत, मराठीत, इंग्रजीत मिळते, आणि परवाना खुला असल्यामुळे छापून वाटायला हरकत नाही.

आणि एक. आमच्या संस्थानात सयाजीरावांनी १९०६ साली प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं, पण तेवढ्यावर थांबले नाहीत. वाचायला शिकलेली माणसं पुस्तकं नसली तर विसरतील म्हणून लाकडी पेट्यांमधून पुस्तकं गावोगाव फिरवली. माझ्याकडे दोन जुने फोन आहेत, सिम काढलेले. ते मी त्या पेट्यांसारखे फिरवते. आज या घरी, उद्या त्या घरी. आत फक्त गोष्टी, ध्वनिफिती आणि रेकॉर्डर, दुसरं काही नाही. सिम नसल्यामुळे आयांनाही काळजी वाटत नाही.


लष्करकर (ग्वाल्हेर)

'इस्कूल'साठी एक युक्ती. आमच्याकडेही तोच रोग. स ला आधीच्या शब्दाला चिकटवायला सांगा. 'माय स्कूल' ऐवजी 'माइस्... कूल'. 'धिस स्टॉप' ऐवजी 'धिस्... टॉप'. हळूहळू मधलं अंतर कमी करायचं. सुरुवातीला इ येते कारण स आणि क एकत्र म्हणायला टेकू लागतो. टेकू मागच्या शब्दानं दिला की इ ची गरज उरत नाही. मराठी घरातल्या मुलींना हे शिकवायची वेळ येत नाही, 'स्कूल', 'स्टेशन' त्या सरळ म्हणतात.


रामबाग_शिकवणी (इंदूर)

काकू, देवनागरीबद्दलची तुमची तक्रार मनाला लागली. वह्या काढून पाहिल्या. दोन मुलींनी खरोखरच नवे शब्द फक्त देवनागरीत लिहून ठेवले होते, बाजूला स्पेलिंगच नाही. पण मी ते पुरतं सोडू शकत नाही. 'वॉटय डुइंग' लिहिल्यावर त्या मुलींच्या चेहऱ्यावर जो धीर आला तो मला आणखी कशानं आणता आला नव्हता. काही मधला मार्ग शोधते.

रेकॉर्डिंगबद्दल एक अडचण आहे. मी मागे व्हॉट्सअॅपच्या गटावर आवाज पाठवायला सांगितलं होतं. दोन जणींनी पाठवला. तिसरीच्या भावानं फोन उघडून ऐकला, घरी सगळ्यांना ऐकवला आणि तिची नक्कल केली. ती मुलगी आठवडाभर आली नाही. तेव्हापासून मी आवाज मागवणं बंद केलं. काकूंचा सिम नसलेला फोन मला म्हणूनच भावला.


रात्रीची_शाळा (इंदूर, सुदामानगर)

मी शिक्षिका नाही, शिकणारी आहे. वय ४४. मुलाच्या शाळेत पालकसभेला इंग्रजीत बोलावं लागतं म्हणून सुरुवात केली. घरातले झोपल्यावर स्वयंपाकघरात बसून चॅटजीपीटीशी बोलते. तुमच्या मुलींना उपयोग होईल म्हणून माझा अनुभव सांगते.

नुसतं 'माझ्याशी इंग्रजीत बोल' म्हटलं की ते लांबलचक बोलतं, प्रत्येक वाक्यावर शाबासकी देतं आणि दहा चुका एकदम सुधारतं. मला त्यानं काही आलं नाही. आता मी आधी हिंदीत सांगते: तू माझ्या मुलाची वर्गशिक्षिका आहेस. एका वेळी एकच छोटा प्रश्न विचार. मी बोलत असताना सुधारू नकोस. दहा प्रश्न झाले की माझ्या फक्त दोन चुका सांग, ज्या मी पुन्हा पुन्हा केल्या. माझ्या दोन चुका महिनाभर त्याच राहिल्या. 'व्हेअर इज ही गोइंग?' च्या जागी 'व्हेअर ही इज गोइंग?' आणि 'व्हॉट डू यू वाँट?' च्या जागी 'व्हॉट यू वाँट?' आपल्याकडे 'तू कुठे राहतेस' मध्ये शब्द जागचे हलत नाहीत, नवा शब्दही लागत नाही. इंग्रजीत प्रश्न करायचा तर 'इज' पुढे आणायचा नाहीतर 'डू' आणायचा. नियम मला शाळेपासून पाठ होता. तोंडात बसायला दीडशे वेळा म्हणावा लागला.

झिझक गेली, हे मी मनापासून सांगते. तिथे हसणारं कुणी नसतं. पण एक सावध करते. ते यंत्र मी कितीही मोडकं बोलले तरी समजून घेतं. पालकसभेत माझं वाक्य ऐकून मॅडम म्हणाल्या, "सॉरी?" आणि मी पुन्हा गप्प झाले. मला कधी कुणी 'सॉरी?' म्हटलंच नव्हतं. मुलींची नावं, दुकानाचं नाव, घरचा पत्ता असलं काही त्यात सांगू देऊ नका, हेही लक्षात ठेवा.


रामबाग_शिकवणी (इंदूर)

पाच आठवड्यांनी लिहिते आहे. तुम्ही सगळ्यांनी इतकं मन लावून सांगितलंत, तर काय झालं ते सांगणं माझं कर्तव्यच आहे.

शेजारच्या काकांनी त्यांचा जुना फोन दिला. सिम काढलं, व्हॉट्सअॅप काढलं, आत फक्त रेकॉर्डर आणि मी भरलेल्या ध्वनिफिती. तो फोन जिन्याच्या मधल्या वळणावर कट्ट्यावर ठेवला. वर्ग चालू असताना एक एक मुलगी उठून तिथे जाते. आधी वाक्य ऐकते, मग स्वतः बोलते, ऐकते, पुन्हा बोलते, पुसते आणि वर येऊन पुढचीला पाठवते. दोन-अडीच मिनिटं. सव्वा तासात २३ जणी बसतात, पण माझं शिकवणं त्या हिशेबानं आखावं लागतं, कारण कुणीतरी सतत बाहेर असतं. ठेवायचं रेकॉर्डिंग एकच, पहिल्या आठवड्याचं, तेही जिनं हो म्हटलं तिचंच. १७ जणी हो म्हणाल्या. ६ जणी नाही म्हणाल्या, त्यांचं काहीच ठेवलं नाही. जिची नक्कल झाली होती तीही त्या सहांत आहे. पण ती रोज जिन्यात जाते आणि सगळ्यांत जास्त वेळ तीच घेते.

वाक्यं कुठली द्यायची यावर मी बराच विचार केला. अॅपमधलं सफरचंद आणि पोपट यांत या मुलींना काही सांगायचं नसतं. साडीबद्दल मात्र त्यांना माझ्यापेक्षा जास्त माहिती आहे. म्हणून महेश्वरी साडी घेतली. तिचे काठ दोन्ही बाजूंनी सारखे दिसतात, साडी कशीही नेसता येते. "यू कॅन वेअर इट ऑन बोथ साइड्स." सूत आणि रेशीम एकत्र विणलेलं असतं. अहिल्याबाईंनी महेश्वरात विणकरांना आणून वसवलं. ही वाक्यं त्यांनीच हिंदीत सांगितली, आम्ही मिळून इंग्रजीत केली, मी आवाज भरला. माहिती आपली असली की बोलताना मान वर राहते, हे मला डोळ्यांनी दिसलं.

आकड्यांचा खेळ पंखा बंद करून खेळलो. पहिल्या दिवशी १५ जणींच्या 'थर्टीन'चं फोननं ३० लिहिलं. मुलींना धक्काच बसला, कारण त्या १३०० चे भाव रोज सांगतात. आता चार-पाच जणी राहिल्यात. हेडफोनवाले दादा, आरसाही लावलाय, जिन्याच्या कट्ट्यावरच.

काकू, देवनागरीचा मधला मार्ग सापडला. देवनागरी पेन्सिलनं लिहायची, छापील संवाद दाखवला की खोडायची आणि तिथेच पेनानं इंग्रजी लिहायचं. वहीत शेवटी देवनागरी उरता कामा नये. खोडताना 'वॉक'च्या जागी एल लिहावाच लागतो, त्यामुळे तो दिसतोही. तुमच्या प्लिकर्सची कार्डं छापून आणली, पण अजून वापरली नाहीत. जिन्याचं बस्तान बसल्यावर सुरू करीन.

सुदामानगरच्या ताई, तुमच्या 'सॉरी?'नं मात्र माझी झोप उडवली. मी दीड वर्ष मुलींना उत्तरं द्यायला शिकवत होते. समोरच्याचं कळलं नाही तर काय म्हणायचं, हे एकदाही शिकवलं नव्हतं. अॅपमध्येही ते कुठे नव्हतं. तिथे वाक्य पुन्हा ऐकायचं तर स्पीकरचं चित्र दाबायचं. माणसाला कुठे दाबायचं? म्हणून आता रोज शेवटची दहा मिनिटं फोन बाजूला ठेवून आम्ही जोड्यांनी बोलतो, आणि नियम असा की ऐकणारीनं मध्ये किमान दोनदा अडवायचं. "सॉरी, से दॅट अगेन प्लीज?" "स्लोली प्लीज." "डू यू मीन धिस वन?" बोलणारीनं मग तेच वाक्य दुसऱ्या शब्दांत सांगायचं.

ती १४० दिवसांची मुलगी. गेल्या शनिवारी दुकानात बाहेरदेशचं एक जोडपं आलं होतं, महेश्वर पाहून आलेलं. बाई भराभर बोलल्या. हिला पहिल्यांदा काहीच कळलं नाही. ती म्हणाली, "सॉरी मॅडम, स्लोली प्लीज." बाईंनी हळू सांगितलं. त्या बाईंना दुपट्टा हवा होता, साडी नव्हे. दुपट्टा हिच्या दुकानात नव्हताच. मुलीनं समोरचं दुकान दाखवलं आणि रस्ता ओलांडून तिथवर सोडून आली. मालक थोडा कुरकुरला म्हणे. सोमवारी तिनं हे वर्गात उभं राहून सांगितलं, आधी हिंदीत आणि मग मी न सांगता इंग्रजीत. 'शी वाँटेड दुपट्टा' म्हणाली, 'अ' राहिला. मी तो त्या वेळी दुरुस्त केला नाही.

आता अडचण एकच. जुन्या फोनची बॅटरी पाऊण तासात उतरते आणि जिन्यात बटण नाही, त्यामुळे शेवटच्या सात-आठ जणींना माझ्या फोनवर बोलावं लागतं, आणि माझ्या फोनवर मध्येच कुणाचा तरी कॉल येतो. इंदुरात कुणाच्या कपाटात माइक आणि स्पीकर चालू असलेला जुना फोन पडून असेल तर इथेच कळवा. काच फुटलेली असली तरी चालेल, चार्जर आमच्याकडे आहे. मी स्वतः येऊन घेऊन जाईन, सकाळची वेळ सोडून कधीही.